तीन बटणांची नदी

आमच्या ॲनिमेशनपटातली अख्खी नदी माझ्या स्क्रीनवर एका चौकोनात मावली. बाहेर मी फक्त तीन सरकती बटणं ठेवली: वेग, ऊन आणि गढूळपणा.

“कालचं एकमेकांना जोडलेल्या शेकडो चौकटींचं, नोड्सचं जंगल कुठे गेलं?” शेजारच्या बिपीनने विचारलं.

“या चौकोनाच्या आत. सगळ्यांचा एक गट केला. आता प्रत्येक दृश्यात हाच ठोकळा वापरायचा.”

“खुळी आहेस. जंगल दिसलं की दिग्दर्शक सरांना मेहनत दिसते.”

मेहनत दाखवायला मी आले नव्हते.

शुक्रवारी दिग्दर्शक सगळा चित्रपट बघायला बसले. मध्येच थांबवून म्हणाले, “नदी फार नितळ आहे. खऱ्या पुराचं पाणी चहासारखं दिसतं.”

बिपीनने कपाळाला हात लावला. प्रत्येक दृश्यातली नदी बदलायची, म्हणजे प्रदर्शनाची तारीख चुकणार.

मी सरांपुढे माउस सरकवला. “गढूळपणा तुम्हीच वाढवा. पूर तुम्ही पाहिलाय, मी नाही.”

त्यांनी बटण जपून पुढे नेलं. पहिल्या दृश्यापासून शेवटच्यापर्यंत नदी चहाच्या रंगाची झाली. ते माझ्याकडे वळले.

“इतकं सोपं होतं, तर महिनाभर करत काय होतीस?”

“हेच सोपं करत होते, सर.”