घरघर

चौथ्यांदा कॉम्प्युटरची स्क्रीन निळी पडली तेव्हा मुलाने कपाळावर हात मारला. "एवढं कमी व्होल्टेज नाही झेपत त्याला. एक पायरी वर घेतो."

"घे, पण आवाज मेला पाहिजे," खाटेवरून आई म्हणाली. "पाच वर्षं उशाशी गिरणी चालल्यासारखं चाललंय. तुझं ऑफिस झालं, माझे कान गेले."

एका भिंतीला तिची खाट, समोरच्या भिंतीला त्याचं टेबल. टेबलाखालचा तो डबा काम वाढलं की तापायचा, तापला की त्याचा पंखा बोंबलायचा. प्रोसेसरला व्होल्टेज जरा कमी दिलं तर तो कमी तापेल, पंखा गप्प बसेल. फार कमी दिलं तर स्क्रीन निळी होऊन मशीनच बंद पडेल. म्हणून थोडं थोडं उतरवायचं आणि दर वेळी टेस्ट लावून बघायचं, असं मुलाने समजावलं होतं. आईला त्यातलं एवढंच कळलं, की सुट्टीच्या दिवशी सकाळपासून मुलगा आपल्यापायी खुर्चीवरून हललेला नाही. शेजारणीला फोन करून तिने ते ऐकवलंही होतं. "एक शब्द टाकला मी. एकच!"

पाचवी टेस्ट लावून तो उठला. "तासभर चालेल. स्क्रीन निळी झाली तर हाक मार, आई."

"मारते की. मला कुठे पोरं सांभाळायचीत."

चष्मा पुसून ती त्याच्या खुर्चीत ताठ बसली. मुलगा स्वयंपाकघरात गेला. स्क्रीनवर आकडे पळत होते. पंखा सवयीने चढला, अडखळला आणि उतरत गेला. इतका, की भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. ते टिकटिकतं हे ती विसरूनच गेली होती. ती एकटीच हसली.

मग नळ ऐकू आला, कपबशी ऐकू आली, आणि सून. पाच वर्षं त्या घरघरीच्या वरताण बोलायची सवय. दोघांचे आवाज चढलेलेच.

"वृद्धाश्रमातून परत फोन आला होता. पुढच्या सोमवारी खोली रिकामी होतेय. आईंना सांगणार कधी तू?"

"आधी हे पंख्याचं तिच्या मनासारखं होऊ दे. खुशीत असली की संध्याकाळी काढतो विषय."

"आणि नको म्हणाल्या तर?"

"विचारतंय कोण? सांगायचंय फक्त."

आईने हाक मारली नाही. स्क्रीन निळी झालीच नव्हती. सोपवलेलं काम ती करत राहिली, आणि तासाभरात खाट कुणाला द्यायची, कपाट तिकडे चालतं का, सगळं तिच्या कानावर पडलं.

मुलगा हात पुसत आला, वाकून आकडे पाहिले. "पास! वीस अंशांनी कमी तापलं. ऐक आता, आहे का आवाज?"

"होतं तसं कर."

"काय?"

"पहिल्यासारखं कर. होतं तेवढं व्होल्टेज दे त्याला."

"अगं, सकाळपासून मरतोय मी! कुणासाठी?"

"माझ्यासाठीच ना? मग मी सांगते तसं कर. मला नाही सोसत ही शांतता."

दारात उभी सून बशी पुसता पुसता थांबली. नवऱ्याला कळलं नव्हतं, तिला कळलं. तिने नजर खाली घातली.

मुलाने दातओठ खात जुना आकडा भरला आणि मुद्दाम टेस्टही परत लावली. पंखा गरजला. "झालं समाधान?" असं ओरडून तो तणतणत आत गेला.

आई खाटेवर बसली, भिंतीला पाठ न टेकता. दारातून दोघं दिसत होती. मुलगा हातवारे करत होता, सून ओठांवर बोट ठेवत होती. एक शब्द इकडे येत नव्हता.

तिने वर पाहिलं. घड्याळाचा काटा फिरत होता, आवाज न करता.