मुंगीचं सासर

'मुंगी वं मुंगी, चावू नको पाय…'

त्या पोरीचा आवाज चुनीलालच्या कानातून कधी गेलाच नाही. तापीकाठचं गाव, दारातला मांडव, हळदीने पिवळी झालेली, पेंगणारी, रडणारी पोरंसोरं. त्या काळी भावकीतली सगळी लग्नं एकाच मांडवात उरकून टाकत. चुनीलाल तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. त्याचेही हात कोपरापर्यंत पिवळे होते. त्या दिवशी हळद लागली नाही असं पोर शोधून सापडलं नसतं. त्या गलक्यात एक एवढीशी पोरगी आपल्या पायाकडे बघत, स्वतःशीच गात होती. पुढची ओळ वाजंत्रीत बुडाली.

पुढल्या वर्षी मामा त्याला सुरतेला घेऊन गेला. गाव मागे पडलं, गावातलं जे होतं नव्हतं तेही मागे पडलं. सुरतेलाच तो छपाई शिकला, रंजनाबाईशी संसार मांडला आणि पुढे नंदुरबारला येऊन त्याने 'चुनीलाल प्रिंटिंग प्रेस' अशी पाटी लावली.

मिरचीच्या व्यापाऱ्यांची बिलबुकं छापायची आणि त्या कमाईतून पोरांसाठी पुस्तकं काढायची, तीही नवख्या हातांची, हा त्याचा छंद. हे खूळ कुठून शिरलं, असं कुणी विचारलं की तो मांडवातल्या पोरीची गोष्ट सांगे. त्या बुडालेल्या ओळीसाठी धंदा मांडलाय, म्हणे. ऐकणाऱ्याचे डोळे ओले होत. त्याला ते आवडे.

दगूबाई छापखान्यात आली ती पुस्तकं शिवायला. छापील कागदांच्या घड्या घालायच्या, दाभणाने टोचायचं, दोरा ओवायचा. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. शेठसमोर तो हनुवटीपर्यंत खाली यायचा.

टाईप जुळवणारा सलाउद्दीन तिची थट्टा करी. नवरा रंगूनला पळाला की काय, असं त्याने एकदा विचारलं.

"गावमाच शे," ती दोरा तोडत म्हणाली. "खाईपीसन सुखी शे."

सलाउद्दीन हसला. तीही हसली असावी. पदराखाली कळलं नाही.

प्रौढांच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती. एकदा चुनीलालने गमतीने तिला दारावरची पाटी वाचायला लावली. तिने वाचलं, "प्रिंटिंग प्रेस." पहिला शब्द राहिला म्हटल्यावर म्हणाली, तेवढं अक्षर अजून येत नाही. शेठनेच मग तिला 'च' गिरवून दिला. तिने मान खाली घालून गिरवला. रंजनाबाई कधी डबा घेऊन आली की दगूबाई तिच्याकडे टक लावून बघत राही, आणि मग सुईत दोरा जायचा नाही.

शिवताना ती गुणगुणे. मिरची वाळवायच्या पथारीवर शिंकणारा कावळा, शाळेत जाणारी शेळी, तापीला ताप आला तेव्हाची गोष्ट. चुनीलालने कान टवकारले. ही कुणाची गाणी? तिने सांगितलं, मन्हीच. तो हरखला. घरातच लेखिका बसलीय आणि आपण गावभर शोधतोय! रद्दी कागदांच्या पाठीवर तिने गाणी उतरवली, सलाउद्दीनने जुळवली. नवे पैसे चालू झाले त्या वर्षीची दिवाळी तोंडावर होती. पुस्तक तेव्हा निघायचं होतं.

दगूबाईने आयुष्यात काही मागितलं नव्हतं. या खेपेला मागितलं. पुस्तकावर मन्हं नाव पाहिजे, एवढंच.

शेवटचं गाणं तिने उशिरा दिलं. चुनीलालने कागद हातात घेतला आणि त्याचा हात थांबला.

'मुंगी वं मुंगी, चावू नको पाय,
तुन्हा सासरमा शे का तुन्ही माय?'

इतक्या वर्षांनी बुडालेली ओळ वर आली होती. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. हे गाणं त्याने लहानपणी ऐकलेलं. म्हणजे ते गावाचं, जुनं, कुणाचंही. म्हणजे बाकीचीही तशीच. ही बाई आपल्याला बनवतेय.

त्याने दगूबाईला बोलावलं. तिच्यासमोरच सलाउद्दीनला सांगितलं की पहिल्या पानावरचं तिचं नाव काढ. 'लोकगीते, संकलक चुनीलाल' असं लाव.

सलाउद्दीनने हातातलं काम ठेवलं, पण टाईपला हात लावला नाही.

"शेठ, ते मन्हं शे," दगूबाई म्हणाली. "मीच जोडं."

"खोटं बोलू नकोस. मांडवात मी माझ्या कानांनी ऐकलंय."

तिने पदर आणखी खाली ओढला. त्याला वाटलं, सापडली.

"बरं, तुझंच म्हण," तो म्हणाला. "मग नुसतं दगूबाई काय लावायचं? पुस्तकावर पुरं नाव लागतं. नवऱ्याचं नाव सांग. गावातच आहे ना तो? बोलावतो इथं आणि त्यालाच विचारतो, ही गाणी तुझ्या बायकोची का म्हणून."

नवऱ्याचं नाव ही तोंडातून काढणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. जुन्या वळणाची बाई. म्हणूनच त्याने ते मागितलं होतं.

दगूबाईने दाभण खाली ठेवलं. दोन्ही हातांनी पदर मागे सारला. चुनीलालने तिचा उघडा चेहरा पहिल्यांदाच पाहिला.

"आयकेल व्हईच," ती म्हणाली. "बाजूलेच त बठेल व्हतात तुम्ही."

मग तिने पहिल्या पानाचा कच्चा कागद ओढला, तळाशी छापलेल्या प्रकाशकाच्या नावावर बोट ठेवलं आणि ते बोट हळूहळू वर, आपल्या नावाशेजारच्या मोकळ्या जागेपर्यंत नेलं.

"सलाउद्दीनभाऊ, खाले शे तेच वर बी लावा. दगूबाई चुनीलाल."