फाटकातून पहिली शवपेटी

"कुलूप काढ, जेबेझ."

केझाया पेनक फाटकाला अगदी नाक लावून उभी होती. मागं सहा गडी, त्यांच्या खांद्यावर साध्या फळ्यांची शवपेटी. पलीकडं हॉलची, म्हणजे सर ऑगस्टसांच्या वाड्याची, हिरवळ आणि तिच्या टोकाला चर्च.

जेबेझ हॉलचा पहारेकरी, पण याच गावात वाढलेला. "मावशी, उगाच तमाशा नको. पाणथळीच्या रस्त्यानं जा."

"त्या रस्त्यानं माझ्या नवऱ्याला नेलं, तर पेटी चिखलात उपडी झाली. मेल्यावरही माणसाची शोभा! पुन्हा तिकडून जाणार नाही."

पणज्याच्या काळापासून गाव याच वाटेनं चर्चला जायचं. मग सर ऑगस्टसना हरणं पाळायची हुक्की आली आणि वाटेला कुलूप लागलं. नवऱ्याला पुरल्यावर केझायानं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, यापुढची शवपेटी त्या फाटकातूनच जाईल. गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं: कुलूप लागलेल्या वाटेनंही एकदा प्रेत चर्चला गेलं, की ती वाट कायमची गावाची. मग कुणाच्या बापाला ती बंद करता येत नाही.

हे जेबेझलाही ठाऊक होतं, म्हणून तर त्याला घाम फुटला होता.

"पण गेलं कोण?"

"ज्याची वेळ भरली तो. किल्ली काढ."

"माझी नोकरी जाईल गं! साहेब सकाळच्या गाडीनं लंडनहून यायचेत. बग्गी कधीची स्टेशनावर गेलीय. इतक्यात येतील आणि मला उभा सोलतील!"

मागचा एक गडी फिस्सकन हसला. केझायानं डोळे वटारले.

"साहेबाला एवढा घाबरतोस?"

"हुकूम आहे. गावातलं कुणी आत यायचं नाही, जिवंत असो नाहीतर मेलेलं. साहेब स्वतः समोर आल्याशिवाय मी कुलूप काढणार नाही. डोकं फोडलंस तरी नाही."

"शब्द देतोस?"

"दिला."

केझायानं हात केला. गड्यांनी पेटी खाली टेकवली. अजून खिळे ठोकलेले नव्हते. तिनं झाकण बाजूला सरकवलं. आत सर ऑगस्टस पडले होते, गाडीतून उतरताच कोसळले तेव्हाची फलाटावरची धूळ पांढऱ्या मिशांना तशीच चिकटलेली.

"आले बघ समोर," केझाया म्हणाली. "आता काढ कुलूप. साहेबांना उशीर होतोय."