दुसरी पंगत

या, असे जरा पुढं सरकून बसा. टाळ अजून पिशवीतच आहेत, बुवांना यायला अवकाश आहे. तोवर एक लहानशी गोष्ट सांगतो. सांगलीची, नव्याण्णव सालची, दसरा होऊन आठवडा झाला होता तेव्हाची.

लग्नपत्रिका छापायच्या वल्लरीच्या दुकानात कॉम्प्युटर भिंतीपासून पुढं ओढलेला, आणि तिचा धाकटा भाऊ राजस त्याच्या पाठीमागं उकिडवा बसलेला. शिरवळच्या कारखान्यात तो कॉम्प्युटरवरच कामाला होता. मशीनच्या पाठीला यूएसबीच्या दोन खाचा. डावीत प्रिंटरची वायर. उजवीत परवाच आणलेल्या स्कॅनरची वायर जायला हवी, ती निम्मी जाऊन अडत होती.

दारात बनुबाई उभी. दुकानाची झाडलोट तिच्याकडं. हातात नवी कोरी फ्रेम, आतून रिकामी. तिचा नवरा गुंडा कीर्तनात मृदंगाची साथ करायचा. उद्या त्याला जाऊन वर्ष होत होतं. त्याचा एकुलता एक फोटो एस.टी.च्या पासावरचा, अंगठ्याएवढा. तो मोठा करून उद्याच्या कीर्तनात मृदंगाशेजारी ठेवायचा होता.

"स्कॅनर डावीकडं लावून बघ," वल्लरी म्हणाली.

लावला. चालला. मग प्रिंटर उजवीकडं लावला. तो अडला.

"म्हणजे स्कॅनर चांगला, प्रिंटरही चांगला," राजस म्हणाला.

"मग वाईट कोण?"

"तेच तर कळत नाहीये, ताई."

त्यानं वायर उलटी लावून बघितली. मग सुलटी. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. मग वायर परत उलटी.

"कारखान्यात पगार देतात ना तुला?" वल्लरीनं विचारलं.

राजस घाम पुसत म्हणाला, "एका खाचेच्या चार करणारा एक डबा मिळतो. हब म्हणतात. पण तो पुण्यात. सोमवारच्या आत काही यायचा नाही."

"दोन्ही एकदम लागल्याशिवाय व्हायचंच नाही का?"

"स्कॅनरबरोबर आलेल्या पुस्तकात दाखवलंय बघ. दोन्ही जोडा, बटण दाबा. फोटो इकडून आत, मोठा होऊन तिकडून बाहेर."

दोघं पुस्तकातलं चित्र पुन्हा बघत बसली.

बनुबाईनं फ्रेम या हातातून त्या हातात घेतली. "ताई, एक इचारू? त्या स्कॅनरला फोटू घ्यायला किती येळ लागतो?"

"मिनिटभर."

"आन् मग त्याचं काय काम?"

"मग काही नाही."

"तर मग उठवा की त्याला. आमच्या सप्त्याला मांडव केवढासा असतोय. पयली पंगत उठली की दुसरी बसती. दोन्ही एकदम बसवायची म्हणून कुणी मांडव वाढवत न्हाई."

राजसनं वल्लरीकडं बघितलं. वल्लरीनं पुस्तक मिटलं.

डाव्या खाचेत स्कॅनर बसला, फोटो घेतला आणि उठला. त्याच जागी प्रिंटर बसला. कागद सरकायला लागला. आधी फेटा आला, मग कपाळ, मग भुवया. डोळे आले तसा बनुबाईनं पदर डोक्यावर घेतला.

तेवढ्यानं राजसचं समाधान होईना. त्यानं कॉम्प्युटर बंद केला, उजव्या खाचेत बॅटरी मारली आणि चिमट्यानं काहीतरी बाहेर काढलं. तळहातावर तीन दाणे, कुंकवानं लाल झालेले.

"ताई, हे तांदूळ आहेत."

"यात तांदूळ कुठून येतील?"

बनुबाई हळूच म्हणाली, "खंडेनवमीला मशीनची पूजा म्याच केली न्हवं का. एकाच्या तोंडात वायर हुती. दुसरं उघडंच. म्हटलं, ह्योच उपाशी कशाला." मग तिचा चेहरा उतरला. "म्हंजी माझ्यामुळंच अडलं हुतं व्हय सगळं?"

राजसच्या हातावरचे दाणे उचलून वल्लरीनं बनुबाईच्या हातावर ठेवले.

बनुबाईनं फोटो फ्रेममध्ये घातला. फ्रेम टेबलावर उभी केली आणि ते तीन दाणे तिच्यापुढं मांडले.

"घ्या," ती फोटोला म्हणाली. "दसऱ्याचं तुमचं ऱ्हायलंच हुतं."

गोष्ट एवढीच. ते बघा, बुवा आलेच. आता मृदंगावर पहिली थाप पडेल, तेव्हा एक क्षण गुंडाची आठवण काढा.