कोरडं लाकूड

थोरला गेला, तेव्हापासून त्याची होडी शेडमध्ये पालथी पडून होती. अण्णांनी पुढे ना त्याचं नाव काढलं, ना डोळ्यांतून टिपूस. यंदा धाकटीनेच हट्टाने होडी बाहेर ओढली, खरवडून घासूनपुसून घेतली. पण फळ्याफळ्यांतून उजेड दिसत होता.

"लाकूड वाळलंय," अण्णा काठावरूनच म्हणाले. "दगड भर आणि बुडवून ठेव. फुगलं की फटी आपसूक मिटतात."

तिने तसंच केलं. पाणी चढत चढत थोरल्याच्या बसायच्या फळीला लागलं, तशी अण्णांनी कपड्यांनिशी पाण्यात उडी घेतली आणि ते ओंजळीओंजळीने होडी उपसायला लागले.

"अण्णा, अहो तुम्हीच म्हणालात ना, बुडव म्हणून!"

"अगं, बघत काय बसलीस? ओढ! पोहता कुठे येतंय त्याला!"