रेवतीची चाल

"मामा, मामी जाऊन वर्ष झालं, पण कांदळवनाच्या लेखी ती अजून रोज कामावर येते," वनखात्यातली भाची नलिनी म्हणाली. "तुम्ही तिच्यासारखं लंगडता ना?"

दामोदरने मान डोलावली. तिवरांच्या मुळांत बसवलेली यंत्रं चालीवरून माणूस ओळखत. अनोळखी पाऊल पडलं की भोंगा वाजे. त्याची बायको रेवती इथली राखणदार होती, डाव्या पायाने लंगडणारी. ती गेल्यावर एकदा तो तिच्यासारखाच लंगडत चिखलात शिरला, तर झाडांतून आवाज आला, "रेवती, आलीस?" तेव्हापासून तो रोज येई.

"आता लाकूडचोरही तसेच लंगडत येतात. ती चाल पुसावीच लागेल. तुम्ही सरळ चाला, तुमची नोंदवून घेते."

तो चालला. डावा पाय ओढलाच गेला. तो पुन्हा चालला.

"मामा, नाटकं पुरे."

"नाटक नाही गं. आता असाच पडतो पाय."

नलिनीचं बोट चाल पुसण्याच्या बटणावर थांबलं.

"पूस," तो म्हणाला. "झाडं तिनेच लावलीत."

तिने चाल पुसली. दामोदर परत वळला. पहिल्याच पावलाला भोंगा सुरू झाला आणि तो काठाला लागेपर्यंत वाजत राहिला.