असं नाव नाही

भागीदार नवलच्या दशक्रियेला गिरणाकाठी कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा प्रेमराजनंच हात जोडले होते. "नवलभाऊ, तुन्ही साइट मी चालू ठेवसू." कावळा लगेच शिवला.

महिन्याभरात प्रेमराजनं ती वेबसाइट बंद करून स्वतःच्या नावाची काढली.

आज भरदुपारी, भडगावच्या दुकानात, खात्री करायला त्यानं कॉम्प्युटरवर कमांड देऊन नवलच्या साइटच्या नावाची इंटरनेटवरची नोंद शोधली. उत्तर आलं, 'असं नाव नाही.' तो गालात हसला. मग स्वतःच्या साइटची शोधली. पडद्यावर उमटलं,

'चालू ठेवसू बोलना व्हता ना, प्रेमराज?'

त्यानं पुन्हा तीच कमांड दिली.

'असं नाव नाही.'

"मेघा!" तो ओरडला.

बायको दारात आली. त्याच्या खुर्चीकडे बघून मागं वळली आणि घरातल्या सासऱ्यांना म्हणाली,

"आबा, दुकानात कोणीच नाही. कॉम्प्युटर कोणी चालू ठेवला?"